येरळेच्या वाळूत सोनं का नाही?

आम्ही सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारे, म्हणजे गलाईवाले. गावाकडं, सांगली जिल्ह्यातल्या विट्याला आलो की कुणीतरी विचारतंच, "तुम्ही गलाईवाले. अलास्कात ओढ्याच्या वाळूतनं सोनं धुऊन काढतात, मोबाईलवर बघितलं. मग आपल्या येरळा नदीत का नाही?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

ओढा सोनं तयार करत नाही. वर खडकात असेल तेवढंच झिजवून खाली आणतो. येरळा खटावाकडून ब्रह्मनाळला कृष्णेला मिळेपर्यंत सगळी बेसाल्टवरून वाहते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा तो, त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. त्या आहेत तिकडं कर्नाटकात, हट्टी-कोलारच्या त्याहून कितीतरी जुन्या खडकांत.

अलास्कातल्या नोमला डोंगरातच सोनं होतं. 1898 साली तिथल्या ॲन्व्हिल क्रीक या ओढ्यात ते सापडलं आणि पुढच्याच वर्षी समुद्रकाठच्या वाळूतही. ओढ्यावरच्या जागा लोकांनी आधीच अडवल्या होत्या. किनाऱ्यावर तसा हक्क चालेना, म्हणून ज्याच्या हातात फावडं तो कामाला लागला. पुढं कळलं की पूर्वी समुद्र आणखी आत होता. लाटांनी निवडून ठेवलेले ते जुने किनारे मैदानाखाली गाडले गेले होते. जमीन मात्र बारमाही गोठलेली. आधी ती वितळवायची, मगच उपसायची. मोबाईलवर एवढं कोण दाखवतंय!

धुण्यामागचा हिशेब आम्हाला घरचाच. वाळूचा दाणा पाण्याच्या अडीच पटीहून थोडा जड, सोनं 19 पट. परात हलवली की हलकं वाहून जातं, जड तळाला बसतं. सराफकट्ट्यावरचा केर आणि गटारातला गाळ धुणारे झारेकरी हेच करतात.

पण धुतलं म्हणजे संपलं नाही. ओढ्याच्या सोन्यातही चांदी असतेच. ती काढायला आधी आणखी चांदी घालावी लागते, हे ऐकून पाव्हणे हसतात. सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी मुशीत एकत्र आटवायची, पाण्यात ओतून रवे करायचे आणि नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. तांबूस धूर निघतो. तो छातीत गेला तर माणूस कामातनं जातो; या धंद्याची ही बाजू गावाकडच्या नव्या बंगल्यांकडं बघून कळत नाही. चांदी ॲसिडमध्ये विरघळते, तळाला तपकिरीसारखी भुकटी राहते. नवखं पोरगं घाबरतं, माल जळाला म्हणून. पण सोनं तेच. टाकणखार टाकून पुन्हा आटवलं की पिवळं होतं.

तरी येरळेत हात घालून बघायचाच असेल तर आधी सुक्या वाळूतनं लोहचुंबक फिरवा. काळी पूड चिकटेल, ते लोखंडाचं खनिज. उरलेल्यात काही पिवळं चमकलं तर सुईनं दाबा. चुरा झाला, पापुद्रा निघाला, तर टाकून द्या. नुसतं दबलं, तर घेऊन या. गलाई फुकट करून देतो.