हाडपेर आणि खुराक

५ जून

आज मोजपट्टी घेऊन बसलो. उंची १७५ सेंटिमीटर, वजन ५८ किलो, दंड २७ सेंटिमीटर आणि मनगट साडेपंधरा. धाकट्या भावाचे मनगट साडेसतरा भरले, दंड ३० भरला, आणि उंचीने माझ्यापेक्षा तीन सेंटिमीटर कमी असूनही वजनाने तो पाच किलो जास्त निघाला. आम्ही दोघांनी एकाच दिवशी एकाच जिममध्ये नाव घातले आहे, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार एकत्रच जाणार आहोत, आणि घरातले जेवण एकाच पातेल्यातले असल्यामुळे यापुढे आमच्यात जो काही फरक पडेल तो मेहनतीचाच असेल, असे मी मनाशी धरून चाललो आहे.

आजोबांचे मत वेगळे आहे. तरुणपणी ते तालमीच्या लाल मातीत घुमलेले असल्यामुळे त्यांना मोजपट्टीची गरज पडत नाही. त्यांनी आमची मनगटे आळीपाळीने अंगठा आणि मधले बोट यांच्या कडीत धरून पाहिली. माझ्या मनगटाभोवती त्यांची बोटे एकमेकांवर चढली, धाकट्याच्या मनगटाभोवती जेमतेम टेकली. "ह्यो माझ्यावर गेलाय, तू आजोळावर गेलायस," एवढे बोलून त्यांनी पुन्हा पेपर उघडला. आनुवंशिकतेवरचे इतके आटोपशीर व्याख्यान मी आजवर ऐकलेले नाही.

१८ ऑगस्ट

दहा आठवडे झाले. एकही दिवस चुकवलेला नाही. पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर आले होते त्या आठवड्यातसुद्धा रेनकोट घालून गेलो. पहिल्या दिवशी वीस किलोचा रिकामा रॉड खांद्यावर घेऊन स्क्वॅट मारताना गुडघे थरथरत होते, आता त्याच रॉडला दोन्ही बाजूंनी पंधरा-पंधरा किलोच्या प्लेटा लागतात. परंतु वजन साडेअठ्ठावन्न आहे आणि दंड साडेसत्तावीस. ताकद वाढते आणि अंग वाढत नाही हे कसे, असे जिममधल्या सरांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की सुरुवातीच्या आठवड्यांत वाढणारी ताकद बरीचशी मज्जासंस्थेची असते. स्नायूतले जे तंतू आजवर झोपून होते त्यांना एकदम कामाला लावायला मेंदू शिकतो आणि स्नायू जाड होण्याचे काम मागाहून, सावकाश सुरू होते. धाकट्याचे ते काम बहुधा लगेचच सुरू झाले असावे, कारण तो ६७ किलोवर गेला आहे आणि त्याच्या शर्टाच्या बाह्या दंडाला घट्ट बसू लागल्या आहेत.

गेले चार दिवस रात्री उशिरापर्यंत जनुकांविषयी वाचतो आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास माझ्या डोक्यातून जात नाही. त्यात ५८५ स्त्री-पुरुषांकडून बारा आठवडे एकाच पद्धतीने फक्त एका हाताचा, म्हणजे कमी वापराच्या हाताचा, व्यायाम करून घेतला होता. शेवटी दंडाच्या स्नायूचे मोजमाप केले तेव्हा कोणाचा स्नायू ५९ टक्क्यांनी वाढलेला निघाला, तर कोणाचा दोन टक्क्यांनी चक्क घटलेला. व्यायाम सर्वांना एकच होता. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे मायोस्टॅटिन नावाचे एक प्रथिन शरीरात असते. १९९७ साली उंदरांमध्ये त्याचे जनुक निकामी करून पाहिले तेव्हा त्यांचे स्नायू दुपटीहून अधिक वाढले, आणि बेल्जियममधल्या ज्या गुरांच्या मांड्या फुगवून बसवल्यासारख्या दिसतात त्यांच्यात हाच लगाम जन्मतः तुटलेला असतो. सख्ख्या भावांची जनुके सरासरी निम्मीच जुळतात, हेही वाचले. तेव्हा एकाच आईच्या पोटी जन्मूनही तो त्या ५९ टक्क्यांच्या टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला असणे अगदी शक्य आहे.

खरे सांगायचे तर हे वाचून मला वाईट वाटण्याऐवजी बरेच वाटले. दोष माझा नव्हता, आजोळाचा होता.

२२ सप्टेंबर

महिन्यापूर्वी वजन वाढवण्याच्या पावडरीचा तीन किलोचा डबा आणला होता, तो आज संपला. डबा रिकामा झाल्यावर त्याच्यावरचा मजकूर वाचण्याची बुद्धी मला सुचली, आणि त्यात प्रथिनांच्या कितीतरी पट पिष्टमय पदार्थ आहेत हे तेव्हा कळले. थोडक्यात, चॉकलेटच्या वासाची साखरच मी दुधाऐवजी पाण्यातून पीत होतो. वजन ६१ झाले. दंड २८ झाला. कंबर मात्र ७६ सेंटिमीटरवरून ८१ झाली आणि हातापायांच्या काड्या तशाच राहून पोटच पुढे आले.

ही ठेवण एकट्या माझी नाही, असे दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे शेजारी शेजारी उभे असलेले एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले होते. उंचीच्या मानाने वजन सांगणारा दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी तपासली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि आपल्या डॉक्टरांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार आणि स्नायूंनी कमी, अशी ही आपल्याकडची ठेवण असून तिचे मूळ आईच्या पोटात असतानाच्या पोषणापर्यंत जाते, असे याज्ञिकांचे काम सांगते. म्हणजे 'वजन वाढव, बाकी आपोआप होईल' हा जिममधला सल्ला माझ्यासारख्याने फार जपून घ्यायला हवा.

२९ सप्टेंबर

आजची गोष्ट आधी लिहायला हवी होती, पण मला ती आजच कळली.

घरचे दूध आणण्याचे काम धाकट्याकडे आहे. तो रोज संध्याकाळी गाडीवरून गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जातो, जिथे म्हशी आणून बांधलेल्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देतात. आज त्याची गाडी बंद पडली म्हणून माझ्या गाडीवरून आम्ही दोघे गेलो. गवळ्याने त्याला पाहताच काही न विचारता फेसाने भरलेला अर्ध्या लिटरचा पेला पुढे केला, धाकट्याने तो उभ्या उभ्या रिता केला, ओठांवरचा फेस मनगटाने पुसला आणि मग घरचे दूध किटलीत घेतले. परतताना कोपऱ्यावरच्या गाड्याजवळ त्याने मला थांबायला सांगितले आणि चार उकडलेली अंडी कांदा-चटणी लावून खाल्ली. "हे रोजचं आहे?" मी विचारले. "मग? जिम लावल्यापास्नं," तो म्हणाला. मला कधी सांगितले का नाहीस, असे विचारल्यावर त्याने माझ्याकडे खरोखरच्या आश्चर्याने पाहिले. "दादा, ते काय जेवण आहे व्हय?"

त्याच्या हिशेबात दूध हे पाणी आणि अंडी हा टाइमपास. माझ्या हिशेबात आम्ही दोघे चार महिने एकच अन्न खात होतो. रात्री मी गणित मांडले. म्हशीच्या अर्ध्या लिटर दुधातून वीसेक ग्रॅम प्रथिने मिळतात आणि चार अंड्यांतून चोवीस; दोन्ही मिळून सुमारे आठशे उष्मांक, तेही रोज.

३० सप्टेंबर

आज स्वतःचे ताट मोजले. शेजारच्या काकूंचा केक करण्याचा डिजिटल काटा मागून आणला आणि रविवार असूनही रोजच्यासारखेच वाढायला आईला सांगितले. चार चपात्यांची बारा ग्रॅम प्रथिने, भाताची सहा, पोह्यांची पाच, भाजीची चार, दुधाची आणि चहाची मिळून नऊ. माझी सगळी भिस्त आमटीवर होती, कारण डाळीत प्रथिने असतात हे शाळेपासून ऐकत आलो आहे. आईने घातलेल्या डाळीला झालेल्या वाट्यांनी भागले तेव्हा एका वाटीत कच्ची तूरडाळ जेमतेम पंधरा ग्रॅम निघाली, म्हणजे प्रथिने साडेतीनच्या आत. आमटीत प्रथिने असतात हे खरे, पण त्यासाठी आमटीत डाळ असावी लागते. आईला हे बोललो तेव्हा ती म्हणाली की पाच माणसांत तेवढ्याच डाळीची आमटी करायची झाली तर ती अशीच होणार, आणि आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

आमटीच्या दोन वाट्या धरून दिवसाची गोळाबेरीज ४३ ग्रॅम झाली. व्यायाम न करणाऱ्या माणसालासुद्धा किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, असे आपली वैद्यकीय संशोधन परिषद सांगते; तेवढीही माझी भरत नव्हती. वजने उचलणाऱ्याने किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत जावे, असे आता सर्वसाधारण मत आहे, म्हणजे मला ९८ हवी होती. निम्म्याहूनही कमी खुराकावर चार महिने घाम गाळून मी उंदरांच्या जनुकांचा अभ्यास करत बसलो होतो.

आजोबांना सगळा हिशेब वाचून दाखवला. "आधी खुराक दाव, मग हाडाला नावं ठेव," ते म्हणाले. मग दुधात कच्ची अंडी फोडून घालायचा सल्ला दिला, तो मात्र मी मानणार नाही, कारण शिजवलेल्या अंड्यातले प्रथिन अंगी जास्त लागते. आणि धारोष्ण दुधाचे कितीही कौतुक असले तरी माझे दूध मी उकळूनच पिणार आहे.

१७ जानेवारी

साडेतीन महिन्यांत बंद डब्यातले काहीही आणलेले नाही. सकाळी चार अंडी, दिवसभरात अर्धा लिटर दूध, डब्यात पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची भाजी (एवढ्यातच पंचवीस ग्रॅमच्या वर प्रथिने असतात आणि खर्च नगण्य), चार वाजता मूठभर फुटाणे. आईने आमटी दाट केली आहे, आणि ती आता वरणासारखी लागते अशी बाबांची कुरकुर सुरू आहे.

वजन साडेत्रेसष्ट. दंड साडेतीस. कंबर ७८ वर उतरली. धाकटा साडेसत्तर किलोचा झाला असून त्याचा दंड साडेचौतीस आहे. खुराक आणि व्यायाम आता खरोखर एकसारखे असल्यामुळे उरलेला फरक हाडपेराचा म्हणायला माझी हरकत नाही. ऑगस्टमध्येही मी असेच म्हटले होते, पण तेव्हा माझ्याकडे त्याचा काही पुरावा नव्हता. जिमच्या भिंतीवरच्या फोटोंशी तर मी तुलनाच सोडली आहे, कारण त्यांतले किती अंग हाडपेराचे, किती खुराकाचे आणि किती इंजेक्शनचे हे फोटोवरून ओळखता येत नाही. त्यापेक्षा मनोहर ऐच आठवतात. हा बंगाली माणूस ४ फूट ११ इंच उंचीचा होता, आणि १९५२ साली लंडनला जाऊन त्याने आपल्या गटात मिस्टर युनिव्हर्स किताब मिळवला. उंची काही वाढली नाही. उरले ते सगळे वाढवले.

माझ्या पोटऱ्या मात्र सात महिन्यांत सुतभरही हलल्या नाहीत. स्नायूचा मांसल भाग कुठे संपतो आणि टाचेकडची शीर कुठून सुरू होते हे जन्मतःच ठरलेले असते. माझ्या पायात तो भाग गुडघ्याखालीच आटोपतो आणि खाली नुसती लांब शीर. आर्नोल्ड श्वार्झनेगरसुद्धा सुरुवातीला पोटऱ्या लपवण्यासाठी पाण्यात उभा राहून फोटो काढून घेत असे, आणि पुढे त्या रोज डोळ्यांना खुपाव्यात म्हणून त्याने व्यायामाच्या पँटी गुडघ्याखाली कापून टाकल्या. त्याला यश आले. मीही दिवसाआड शंभर वेळा टाचा उचलतो.

आज बाबा कामावरून आले आणि पँट वर दुमडून मोरीत पाय धुऊ लागले. आयुष्यभर सायकल मारलेला माणूस. गुडघ्याखाली आवळलेली तीच छोटी पोटरी, खाली तीच लांब शीर. मी मोजपट्टी घेऊन गेलो आणि ओल्या पायाभोवती गुंडाळली.

"काय करतोयस?"

तेहतीस सेंटिमीटर. माझीही तेहतीसच आहे.

"काही नाही," मी म्हणालो. त्यांनी दुसरा पाय धुतला, टॉवेल मागितला आणि आमटी आज तरी पातळ आहे का ते विचारले.