चकवा, बावीस मीटर आणि आमचा हॉल

कोकणातल्या माझ्या आजोळी चकव्याच्या गोष्टी फार चालत. रात्री शेजारच्या वाडीतून परतणारा माणूस आपण सरळच चाललो आहोत अशा खात्रीने तासन् तास चालतो आणि उजाडल्यावर पाहतो, तर निघाला होता त्याच आंब्याखाली उभा असतो. चकवा लागल्याची शंका आली की पुढे पाऊल टाकू नये, आहे तिथेच बसून राहावे, असे आजोबा सांगत. गेल्या महिन्यात पुण्यातल्या आमच्या हॉलमध्ये टीपॉय भिंतीला सारून मी आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट डोळ्यांवर चढवला, समोरच्या आभासी माळावर जेमतेम चार पावले टाकली आणि माझी बोटे भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपटली, तेव्हा मला आजोबांची आठवण झाली. हद्द दाखवणारी जाळी डोळ्यांसमोर उमटली होती, हे खरे. पण एवढा माळ पसरलेला असताना जाळीकडे लक्ष कोण देतो?

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखवलेले डोक्यावर घालायचे असे उपकरण छताला टांगलेले होते. २०१६ मध्ये आलेल्या व्हाइव्ह या हेडसेटसाठी खोलीच्या कोपऱ्यांत लेझर फेकणाऱ्या पेट्या बसवाव्या लागत, आणि २०१९ च्या क्वेस्ट या हेडसेटमध्ये त्याच्यावरचेच कॅमेरे खोली ओळखू लागले. डोक्याची हालचाल अचूक टिपण्याचे काम असे बऱ्यापैकी मार्गी लागले आहे. अडते ते जागेपाशी. आभासी माळ कितीही मोठा करता येतो, हॉल मात्र दहा बाय चौदाच राहतो.

हातातल्या कांडीने पुढे सरकण्याची सोय असते, पण त्यात डोळे ‘आपण चाललो’ म्हणतात आणि तोल सांभाळणारा अंतर्कर्ण ‘आपण उभे आहोत’ म्हणतो. या भांडणात पोट ढवळते; मला तर घाटातल्या एसटीची आठवण येते. स्वतःच्या पायांनी चालले की हे भांडण बरेचसे मिटते. शिवाय जागच्या जागी पाय हलवण्यापेक्षा किंवा तरंगत जाण्यापेक्षा खरोखर चालणाऱ्याला ‘आपण तिथे आहोत’ असे अधिक वाटते, असे १९९९ मधल्या एका तुलनात्मक प्रयोगात दिसून आले होते.

मग लहान जागेत लांब चालायचे कसे? २००१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शरीफ रझाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले उत्तर मला चकव्याचेच शास्त्रीय रूप वाटते. माणूस चालत किंवा वळत असताना संगणक समोरचे दृश्य अगदी हळूहळू फिरवत राहतो. दृश्य डावीकडे सरकले की सरळ जाण्यासाठी माणूस नकळत तेवढाच डावीकडे वळतो, आणि आपण नाकासमोर चाललो आहोत असे त्याला वाटत असताना त्याचे पाय खोलीत कमान काढत असतात. अंतर्कर्णातल्या नलिकांना अतिशय मंद वळण जाणवत नाही, आणि डोळ्यांची साक्ष ठाम असली की मेंदू बहुधा तीच ग्राह्य धरतो.

ही फसवणूक कुठवर खपते, याची मोजणी संशोधक फ्रँक स्टाइनिके आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. दृश्यात जेवढे वळल्यासारखे दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षात ४९ टक्के जास्त किंवा २० टक्के कमी वळवले, तरी माणसाच्या सहज लक्षात येत नाही. सरळ चालल्याचा भास देत गोल फिरवायचे असेल, तर वर्तुळाची त्रिज्या मात्र निदान २२ मीटर हवी. म्हणजे ४४ मीटर व्यासाचे मोकळे पटांगण! आमच्या सोसायटीचे पार्किंग गाड्या हलवूनही त्याला पुरणार नाही.

चकव्याला खुद्द माणसाच्या अंगातही आधार आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतील यान सौमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर त्यांची दिशा टिकली, आभाळ भरून आल्यावर जंगलातले लोक गोल फिरून आपलीच वाट ओलांडू लागले, आणि डोळे बांधलेल्यांची काही वर्तुळे तर २० मीटर व्यासाहूनही लहान निघाली. हा अभ्यास २००९ चा. तो वाचल्यावर आजोबांच्या गोष्टींकडे मी जरा आदराने पाहू लागलो.

बावीस मीटरची अट सैल करण्याची मला सर्वांत आवडलेली युक्ती २०१८ मधली आहे. एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूकडे नजर झेपावते त्या निमिषमात्र काळात आपण जवळजवळ आंधळे असतो. हेडसेटमधल्या कॅमेऱ्याने ही झेप पकडायची आणि नेमके तेव्हाच दृश्य थोडेसे फिरवायचे. संशोधक ची सुन आणि सहकाऱ्यांनी या मार्गाने साधारण ३.५ मीटर लांबी-रुंदीच्या खोलीत ६.४ मीटर लांबी-रुंदीचे आभासी दालन बसवून दाखवले.

याउलट, यंत्राच्या जोरावर पाय जागेवरच ठेवणारे उपाय मला अजून पटलेले नाहीत. खोलगट, गुळगुळीत तबकडीवर कमरेला पट्टा बांधून पाय घासत राहणे म्हणजे चालणे नव्हे. डिस्नेच्या लॅनी स्मूट यांनी २०२४ च्या आरंभी दाखवलेली जमीन निराळी आहे: असंख्य छोट्या गोल चकत्या माणसाला सतत मध्याकडे परत आणतात, आणि एकाच वेळी अनेक जण तीवर वेगवेगळ्या दिशांना चालू शकतात. पण ती घरात येणारी वस्तू नाही.

एवढे सगळे करूनही भिंत समोर आलीच, तर काही प्रणाली माणसाला थांबवून जागेवर फिरायला सांगतात. तो प्रत्यक्षात अर्धाच फिरतो, दृश्य मात्र पूर्ण गिरकी घेते. भिंत पाठीमागे जाते आणि आभासी वाट होती तशी समोर राहते. चकवा लागला की थांबावे, हा आजोबांचा सल्ला इथे चकवा लावणाराच देतो. आमच्या घरी अशी काही सोय नसल्यामुळे मी हॉलच्या मधोमध काथ्याचे पायपुसणे टाकले आहे. अनवाणी तळव्याला काथ्या टोचला की मी मध्यावर आहे हे कळते, आणि तिथून कोणत्याही दिशेला दोनच पावले टाकायची असतात.