ट्वीडच्या खोऱ्यात: सायकल, चिखल आणि अस्वलांचं फाटक

“फाटक जसं सापडेल तसंच सोडायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर आपल्यामागे पुन्हा बंद.”

स्कॉटलंडमधल्या पीबल्सला बसमधून सायकली उतरवताना मैत्रिणीने मला दिलेली ही पहिली सूचना. गिअर, ब्रेक, हेल्मेट हे सगळं नंतर. ती ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते, मूळची इथून तीसेक किलोमीटरवरच्या गालाशील्सची. तिच्या तोंडी ते नुसतं ‘गाला’. मेंढ्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला फाटकाची शिस्त पाढ्यांसारखी पाठ असते. एक फाटक उघडं राहिलं तर एका शेतकऱ्याचे दोनशे जीव दुसऱ्याच्या कुरणात, आणि मग संध्याकाळभर शिव्या.

स्कॉटलंडमध्ये 2003 च्या जमीन सुधारणा कायद्याने कुणालाही डोंगरात, रानात, नदीकाठी पायी किंवा सायकलने जाण्याचा हक्क दिला आहे. जमीन खाजगी असली तरीही. कुणाच्या परसात शिरायचं नाही, उभं पीक तुडवायचं नाही, जनावरांना त्रास द्यायचा नाही, एवढं पाळलं की झालं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. वाईला आमच्या मळ्याच्या बांधावरून कुणी नवखा सायकल घेऊन गेला असता तर काकांनी त्याची सात पिढ्यांची चौकशी केली असती.

तर मंडळी, ऑगस्टातल्या एका शनिवारी आम्ही दोघी ट्वीड नदीच्या खोऱ्यातून पीबल्स ते मेलरोज अशा पन्नासेक किलोमीटरच्या डोंगरी सायकलवारीला निघालो. ट्वीड सुमारे 156 किलोमीटरची, पश्चिमेकडच्या डोंगरातून निघून पूर्वेला बेरिकपाशी समुद्राला मिळते. तिचा खालचा काही भाग म्हणजे स्कॉटलंड-इंग्लंडची सरहद्दच. त्यामुळे शेकडो वर्षं या मुलखात एकच धंदा जोरात होता: सरहद्दीपलीकडची गुरं पळवून आणणं. दोन्हीकडचे लोक तेच करायचे. आजही नदीकाठी ठिकठिकाणी जाड भिंतींच्या उंच, अरुंद दगडी गढ्या दिसतात. धाड आली की माथ्यावर जाळ करायचा, पुढच्या गढीने तो पाहून आपला जाळ करायचा.

पीबल्सच्या जरा वर नाइडपाथची गढी आहे. चौदाव्या शतकातली, नदीच्या वळणावर कड्याला चिकटून उभी. तिथून जवळच नदीवर जुना रेल्वेपूल आणि पुलाला लागून एक बोगदा. लांबी सहाशे मीटरच्या आसपास, आणि वळणाचा, त्यामुळे मध्यावर पोचलं की दोन्हीकडचा उजेड गायब. सायकलचा दिवा लावून आम्ही आत शिरलो. छतावरून पाणी ठिबकत होतं, टायरखाली खडी करकरत होती, आणि मला अर्थातच खंडाळ्याचे बोगदे आठवले. बोगदा आला की ओरडायचंच असा आमच्या लहानपणीचा नियम. मी ओरडले. मैत्रीण दचकून भिंतीवर जाता जाता वाचली.

पीबल्सहून पूर्वेला जाणारी रेल्वे 1962 मध्ये बंद पडली. तिच्याच वाटेवर आता इनरलेथनपर्यंत सायकलींचा रस्ता आहे. वाट सपाट, डाव्या-उजव्या हाताला नदी, पाण्यात छातीपर्यंत उभे राहून सामन मासा धरणारे लोक. मध्येच डावीकडे ग्लेनट्रेसचं जंगल लागतं. माउंटन बायकिंग करणाऱ्यांची ही पंढरी. 2023 च्या जागतिक स्पर्धेतली क्रॉस कंट्री शर्यत इथेच झाली, आणि पुरुषांची शर्यत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने जिंकली. इथल्या वाटांना रंग असतात: हिरवी सोपी, मग निळी, लाल, आणि शेवटी काळी. मी निळ्यावर गेले. वाटेत भिंतीसारखी उचललेली वळणं असतात. ती घेताना ब्रेक आधी दाबायचा, वळणात सोडून द्यायचा आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या शेवटावर ठेवायची. चाकाकडे पाहिलं की चाक झाडाकडे जातं. हे मला तिसऱ्या वळणावर समजलं. झाड स्प्रूसचं होतं, खोड मऊ नव्हतं. आठ-नऊ वर्षांची दोन पोरं “सॉरी!” म्हणत बाजूने सुसाट निघून गेली.

इनरलेथन हे लोकरीच्या गिरणीभोवती वाढलेलं गाव. पहिली गिरणी अठराव्या शतकाच्या शेवटी आली. ट्वीड या कापडाला नदीचं नाव मिळालं तेही चुकून, असं सांगतात. इथले विणकर त्याला ‘ट्वील’ म्हणत, लंडनच्या व्यापाऱ्याने पत्रातलं अक्षर चुकीचं वाचलं आणि नदीचंच नाव समजून पुढे तेच वापरलं. खरं-खोटं नदीला ठाऊक.

पण इनरलेथनमध्ये मी थांबले ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. हमरस्त्यावर रॉबर्ट स्मेल यांचा छापखाना आहे. 1866 मध्ये सुरू झालेला. आता तो नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, पण संग्रहालय म्हणून काचेत ठेवलेला नाही, अजून चालतो. खाली यंत्रं, वर खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायची खोली. पूर्वी ही यंत्रं गिरणीच्या पाटाच्या पाण्यावर, पाणचक्कीने फिरत. दारातून आत पाऊल टाकलं आणि शाईचा आणि रॉकेलसारखा वास नाकात गेला. माझे आजोबा वाईला छापखान्यात कंपोझिटर होते. शनिवारी त्यांचा डबा घेऊन मी जायचे तेव्हा हाच वास असायचा. घरी येऊन जेवायला बसले तरी त्यांच्या बोटांच्या पेरांत तो राहायचाच.

वरच्या खोलीत तिथल्या बाईंनी माझ्या हातात कंपोझिंगची पट्टी दिली आणि नाव जुळवायला सांगितलं. खिळा उलटा असतो, ओळ डावीकडून उजवीकडे भरायची पण अक्षर डोक्यावर उभं वाचायचं. खणांतून मी एकेक इंग्रजी अक्षर शोधत होते. इंग्रजीला दोन कप्प्यांच्या पेट्या पुरतात, वरच्यात मोठी अक्षरं, खालच्यात छोटी. आजोबांपुढे मात्र काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं मिळून खणांची अख्खी भिंत असायची आणि त्यांचा हात न बघता योग्य खणात जायचा. मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “किती खण?” मला आकडा सांगता आला नाही. वाईला फोन करून आईला विचारलं, तिलाही माहीत नव्हतं. विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

आमचा तिथे दीड तास गेला. बाहेर ‘स्मर’ पडायला लागला होता. स्मर म्हणजे इथली भुरभुर: छत्री उघडावी असा नाही, पण अर्ध्या तासात बनियनपर्यंत पोचणारा पाऊस.

नदी ओलांडली की ट्रकेअर. सलग वस्ती असलेलं स्कॉटलंडमधलं सर्वात जुनं घर म्हणून याची ख्याती. त्याचा इतिहास 1107 पर्यंत मागे नेतात. मुळात राजांचं शिकारघर, सत्तावीस राजे-राण्या इथे येऊन गेल्या. स्कॉटलंडची मेरी राणी 1566 मध्ये आली होती. तिचं बाळ ज्यात झोपायचं तो पाळणा दाखवतात. मला आवडली ती वरच्या मजल्यावरची पाद्र्याची खोली. कॅथलिक प्रार्थनेवर बंदी होती त्या काळात पाद्री इथे लपून राहायचा, आणि सैनिक आले की निसटायला गुप्त जिना. एकेकाळी ट्वीड या घराच्या भिंतीला लागूनच वाहायची. पाया धोक्यात आला म्हणून सतराव्या शतकात मालकाने नदीच बाजूला वळवली. घर हलवण्यापेक्षा नदी हलवणं ज्याला सोपं वाटतं, तो माणूस साधा नसणार.

आणि इथेच ते फाटक. रस्त्यावरून दिसतं: दोन दगडी खांब, प्रत्येकावर एक दगडी अस्वल, मध्ये लोखंडी दरवाजा. 1745 मध्ये स्टुअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स गादी परत मिळवायला निघाला होता. तो इथून गेला आणि त्याच्यामागे फाटक बंद झालं. घराचा मालक असलेल्या पाचव्या अर्लने, म्हणजे सरदाराने, शपथ घेतली म्हणे, की स्टुअर्ट राजा पुन्हा गादीवर बसेल तेव्हाच हे उघडायचं. पुढच्या वर्षी कलोडनच्या लढाईत राजपुत्राची फौज संपली. फाटक तेव्हापासून बंद. आतली दोन्ही बाजूंना झाडं असलेली सरळ वाट गवताने भरली आहे, आणि घरची मंडळी बाजूच्या ‘तात्पुरत्या’ रस्त्याने ये-जा करतात. तात्पुरता म्हणजे पावणेतीनशे वर्षांचा.

“जसं सापडेल तसंच सोडायचं,” मैत्रीण म्हणाली. आम्ही दोन्ही अस्वलांचा निरोप घेतला.

ट्रकेअरपासून मिंचमूरचा चढ. ही गुरं हाकायची जुनी वाट, आता देश आडवा ओलांडणाऱ्या सदर्न अपलँड वे या लांब पायवाटेचा भाग. 1645 मध्ये फिलिपहॉच्या लढाईत हरल्यावर राजाच्या बाजूचा सेनापती मॉन्ट्रोज याच डोंगरावरून घोडे दामटत ट्रकेअरला आला होता. आम्ही मात्र त्याच्या उलट दिशेने, पहिल्या गिअरवर, आणि शेवटी सायकल ढकलत. वर गेल्यावर जंगल संपतं आणि एकदम जांभळं होतं. ऑगस्टात हेदर हे डोंगरी झुडूप फुलतं. कास पठार पाहिलेल्यांना कल्पना येईल, फक्त इथे तिकीट नाही, कुंपण नाही आणि सेल्फी काढणारंही कुणी नाही. होत्या त्या मिजेस: डोळ्यात, नाकात, कानात शिरणारी बारीक चिलटं.

वाटेच्या कडेला एक झरा आहे, चीज वेल. जुन्या काळी डोंगर ओलांडणारे वाटसरू इथे चीजचा तुकडा ठेवायचे, पऱ्यांसाठी. नाही ठेवला तर वाटेत दगा होतो. मी खंडाळ्याच्या घाटातल्या शिंगरोबाची गोष्ट सांगितली, येणारे-जाणारे गाडीतूनच नाणं टाकतात ती. तिला ती फार आवडली. पण आमच्याकडे चीज नव्हतं. सँडविचं इनरलेथनलाच संपली होती. पाठपिशवीत होतं फक्त पुण्याहून आलेल्या बाकरवडीचं पाकीट. मी एक बाकरवडी दगडावर ठेवली.

पुढे कड्याकड्याने जाणारी वाट तीन ‘ब्रेदरेन’पर्यंत जाते. माणसापेक्षा उंच, दगड रचून केलेले तीन बुरुज, 464 मीटरवर, तीन जमिनींच्या सीमा सांगणारे. तिथून आयल्डनची तीन शिखरं दिसतात. त्यांच्या पायथ्याशी रोमनांची छावणी होती, नावही ट्रायमॉन्टियम, तीन डोंगरांची. आता फक्त उतार, असं म्हणून मी सीट खाली केली, ब्रेक सोडले, आणि हेदरखाली लपलेल्या चरात पुढचं चाक अडकून हँडलवरून थेट काळ्या दलदलीत पडले. लागलं नाही फारसं, गुडघा तेवढा सोलला. पण डोक्यापासून बुटांपर्यंत चिखल. इथला खास शब्द आहे त्याला, ‘क्लार्टी’.

योगायोग असा की खाली नदीकाठी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने 1811 मध्ये जी शेतवाडी घेतली, तिला लोक क्लार्टी होल म्हणत, चिखलाचं बिळ. त्याने तिथे बुरूज, कमानी, हजारो पुस्तकांचं ग्रंथालय असा वाडा बांधला आणि नाव ठेवलं अ‍ॅबट्सफर्ड. मेलरोजचे मठाधिपती (अ‍ॅबट) तिथे उथळ पाण्यातून (फर्ड) नदी ओलांडत म्हणून. 1826 मध्ये त्याचं दिवाळं वाजलं, आणि उरलेलं आयुष्य तो कर्ज फेडण्यासाठी लिहीत राहिला. आम्ही पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. दार बंद.

मेलरोजचा मठही बंद. 1136 मध्ये सुरू झालेला, आता बिनछपराचा, लालसर दगडाचा. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याचं हृदय इथे पुरलं आहे. पण मैत्रिणीला कुंपणाबाहेरून दाखवायचं होतं ते बॅगपाइप वाजवणारं डुक्कर, भिंतीवर वर कोरलेलं. दहा मिनिटं मान वर करून उभी राहिले. दिसलं तेव्हा आम्ही इतक्या हसलो की एक आजोबा कुत्रा घेऊन आमच्यापासून लांबून गेले.

ट्वीडबँकहून एडिनबराला रेल्वे आहे. जुनी लाइन 1969 मध्ये बंद पडली होती, 2015 मध्ये पुन्हा घातली. डब्यात सायकली टेकवल्या. माझ्या अंगावरचा चिखल सुकून दर स्टेशनला थोडा थोडा खाली पडत होता. मैत्रिणीने उरलेली बाकरवडी खाऊन पाकिटाची घडी केली आणि माझ्या गुडघ्याकडे बघत म्हणाली,

“पुढच्या वेळी चीजच आण.”