कोपीवरची मुलं आणि माझी पीएचडी

कराडच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवता शिकवता मी पीएचडीला नाव घातलं. विषय होता ऊसतोड मजुरांच्या पाच वर्षांखालच्या मुलांची वाढ, आणि सरकारी आकडेवारीत ही मुलं कितपत दिसतात. डेटा सायन्स केलं की हिंजवडी, हे घरच्यांचं गणित. त्यात हे कुठं बसणार?

गाईड मिळेपर्यंत बरेच उंबरे झिजवले. संख्याशास्त्रवाले म्हणायचे, हा आरोग्याचा विषय. मेडिकलवाले म्हणायचे, तुम्ही डॉक्टर नाही. शेवटी एक सर आमच्या विषयाचे आणि सहमार्गदर्शक म्हणून मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातल्या मॅडम, असं जमलं.

आधी तयार डेटा पाहिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं लुकडी निघाली. हा डेटा नोंदणी करून, कशासाठी हवा ते लिहून दिलं की फुकट मिळतो. पण साताऱ्याचा आकडा जिल्ह्याचा एकच. माण-खटावचं कोरडवाहू आणि कराडचं बागायत त्यात एकत्र. जिल्ह्याच्या खाली, गावापर्यंत उतरावं तर गोपनीयतेसाठी ग्रामीण ठिकाणांचे जीपीएस बिंदू साधारण पाच किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवलेले. शिवाय नमुना निवडला २०११ च्या जनगणनेच्या यादीवरून. दिवाळीच्या सुमारास उसाच्या फडाशेजारी उभी राहणारी आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मोडणारी कोपी, म्हणजे तोडणी मजुरांची तात्पुरती झोपडी, त्या यादीत कुठून असणार? म्हणजे मोजायचं तर आपणच.

मग माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी नैतिकता समिती. अर्ज पुन्हा पुन्हा परत आला, तरी आज सांगतो, माझ्या संशोधनाला आकार दिला तो या समितीनंच.

पहिला प्रश्न संमतीचा. आई-वडील निरक्षर असतील तर अंगठा आणि सोबत निःपक्ष साक्षीदार लागतो. मी मजुरांच्या टोळीच्या मुकादमाचं, म्हणजे आगाऊ रक्कम (उचल) देऊन त्यांना कामावर आणणाऱ्याचं, नाव सुचवलं होतं. तो कायम तिथंच असतो. समितीतल्या एक वकीलबाई म्हणाल्या, "अहो, ज्याच्याकडून उचल घेतलीय त्याच्यासमोर आई नाही म्हणेल का?" मुकादम बाद झाला. साक्षीदार म्हणून जवळच्या शाळेतले गुरुजी ठरले.

दुसरा प्रश्न, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरखाली भरला तर काय करणार? नोंद करून निघून येणार? मग तीव्र कुपोषित मूल सापडलं की त्याच दिवशी अंगणवाडी सेविकेला कळवायचं आणि गरज असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं, हे लेखी आराखड्यात घातलं.

खरी झोंबाझोंबी तिसऱ्यावर झाली. ओळख पटू नये म्हणून ज्या वस्तीत मुलं फार कमी, तिचे आकडे वगळा, असं समितीनं सुचवलं. नियम चांगलाच आहे. पण कोप्या असतातच चार-पाच. सगळ्या वगळल्या तर यादीत नसलेली मुलं माझ्याही तक्त्यातून गेली. त्यावर शेजारच्या फडांचा एकच गट धरायचा आणि गावाचं नाव कुठंच छापायचं नाही, असं ठरलं. मॅडमनी बाजू लावून धरली नसती तर हे सुटलं नसतं.

वयाचा घोळ मात्र समितीच्या हातातला नव्हता. खुजेपण काढायला वय महिन्यांत लागतं, आणि आई सांगते, "पोळ्याच्या आधी झाला." जन्मतारखेची नोंद असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड बीडला, मजुरांच्या मूळ गावी घरात. म्हणून सण, कारखान्याचा पट्टा पडणं (गाळप हंगाम संपणं), गावची जत्रा अशी एक दिनदर्शिका बनवली. वजन-उंचीच्या गुणोत्तराला वय लागत नसल्यानं मुख्य विश्लेषण त्यावर ठेवलं.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा पट्टा पडून टोळ्या परतीला लागल्या होत्या. आता पुढच्या हंगामाची तयारी सुरू आहे. वजनकाटे प्रमाणित करून घ्यायचेत आणि मराठवाड्याची बोली समजणारे दोन तरुण मदतनीस मोजणीला हवे आहेत.