मागच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याला डायलॉग आला

आमच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत गर्दीतल्या पात्रांना तोंड नसतं. रेघ असते, हलणारं तोंड नसतं. पाठही नसते. एकाच कोनातून बनवायचं, डोळ्यांची उघडझाप द्यायची आणि लायब्ररीत टाकायचं. मग तोच माणूस हॉटेलात, चर्चमध्ये, मॅचला, कुठेही बसवा. अमेरिकन कॉमेडी मालिकेचं काम गोरेगावात बसून करायचं तर ही काटकसर आलीच.

त्या शुक्रवारी सुधारित अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे आवाजासकट कच्च्या चित्रांचा आराखडा, आलं आणि मागच्या टेबलावरच्या मिशीवाल्या म्हाताऱ्याला चक्क डायलॉग! एकच शब्द, "सूप?" प्रॉडक्शनवाले म्हणाले, अर्ध्या तासाचं काम. यांनी जन्मात रिग, म्हणजे पात्राचा हलता सांगाडा, उघडलेला नसतो, तास मात्र हेच ठरवणार.

हार्मनी या आमच्या अ‍ॅनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये तोंडाच्या आकारांचा ठरलेला संच असतो: ए ते जी, आणि गप्प असताना एक्स. 'सूप'ला तीनच पुरतात. 'स'ला दात मिटलेले, 'ऊ'ला चंबू, 'प'ला ओठ बंद. सेकंदाला 24 फ्रेम. हा शब्द जेमतेम 12 फ्रेमचा. त्यात 'प' निदान दोन फ्रेम धरायचा, नाहीतर ओठ मिटले हे डोळ्याला कळतच नाही. खरं दुखणं मिशीचं. ती चेहऱ्याच्याच लेयरवर काढलेली. सोडवून घेतली तर खाली कातडीच नाही, भोक! ते बुजवलं, मिशीला वाकवणारा वेगळा डिफॉर्मर लावला.

मी म्हटलं, तोंड नकोच, नुसती मिशी उडवू. लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, म्हणाला, "क्लायंटला कामचुकारपणा वाटेल. अख्खा संच कर, पुढे लागला तर?"

गर्दीतला माणूस पुढे लागतोही म्हणा कधीकधी. 'द सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टून मालिकेतला हान्स मोलमन 1991 मध्ये पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या लायसन्सवर राल्फ मेलिश असं नाव होतं. दिसतो ऐंशीचा, वय सांगतो 31. मरतो आणि पुन्हा हजर होतो. मुख्य पात्र होमरला आवाज देणारे डॅन कॅस्टेलानेटाच त्यालाही आवाज देतात. पण असं नशीब गर्दीतल्या कितीजणांचं?

शॉट एकही करेक्शन न येता पास झाला. नंतर मी तोंडाचा लेयर बंद करून लीडला तोच शॉट दाखवला. काडीचाही फरक नाही, हसू येतं ते मिशीनेच. त्याने दोनदा पाहिलं.

"लेयर चालू कर," म्हणाला, "आणि सेव्ह कर."