कोशिंबीर कधी कालवावी

चार वर्षांपूर्वी जानेवारीत भाचीचे केळवण आमच्या घरी होते. २२ माणसे जेवायला येणार होती. ऐन वेळी धावपळ नको म्हणून मी सकाळी दहालाच दीड किलो काकडी कोचवली, तिच्यात मीठ, साखर, दाण्याचे कूट आणि दही घातले, वरून मिरचीची फोडणी दिली आणि पातेले झाकून ठेवले. दीड वाजता झाकण काढले तेव्हा आत काकडीचे सार तयार झाले होते. कूट तळाशी बसले होते, दही फुटल्यासारखे दिसत होते आणि काकडी मऊ पडून तरंगत होती. सासूबाई मूळच्या अकोल्याकडच्या. त्यांनी पातेल्यात एकदा डोकावून पाहिले, ‘मीठ पाने मांडल्यावर घालायचे असते गं’ एवढेच म्हणाल्या आणि संध्याकाळच्या भाजीसाठी आणलेल्या मेथीच्या दोन जुड्या निवडायला बसल्या. दहा मिनिटांत त्यांनी त्या मेथीचा घोळाणा, म्हणजे कच्च्या पाल्याची कोशिंबीर, करून वाढला. त्या जेवणातल्या बासुंदीबद्दल कोणी काही विचारले नाही, घोळाण्याची कृती मात्र तिघींनी लिहून घेतली.

त्या दिवसापासून कोशिंबिरीकडे मी जरा गांभीर्याने पाहू लागले. आपल्याकडे पानाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, लोणचे यांच्या रांगेत कोशिंबीर वाढली जाते आणि तिचे प्रमाण चमचा-दोन चमचेच असते, त्यामुळे स्वयंपाकाच्या यादीत ती सगळ्यात शेवटी आठवते. मग फ्रिजमध्ये जे असेल ते चिरले जाते, आणि बारा महिने काकडी, टोमॅटो आणि कांदा हीच तीन नावे फिरत राहतात. वास्तविक कच्ची खायची वस्तू तिच्या हंगामातच घ्यायला हवी, कारण शिळेपणा किंवा निबरपणा झाकायला इथे ना शिजवणे असते ना मसाला. हंगामाने काय चिरायचे ते ठरवावे आणि घरातल्या प्रसंगाने ते कशात कालवायचे ते ठरवावे, एवढ्या एका हिशेबावर माझ्या घरी आता वर्षभराच्या कोशिंबिरी चालतात.

काकडीचेच उदाहरण घेते. एकादशीला तीच काकडी कोचवून तिच्यात दाण्याचे कूट, हिरवी मिरची, मीठ, साखर आणि लिंबू घालायचे आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी द्यायची. मोहरी, हिंग, हळद यांना त्या दिवशी सुट्टी. (कोथिंबीर उपासाला चालते की नाही यावर घराघरांत मतभेद आहेत. आमच्या घरात तर दोन पिढ्यांत आहेत, म्हणून मी ती वेगळ्या वाटीत ठेवते.) नैवेद्याच्या पानासाठी तीच काकडी दह्यात कालवून हिंग-मोहरीची फोडणी द्यावी. डब्यात न्यायची असेल तर दही वर्ज्य, कूट आणि मीठ वेगळ्या पुडीत. आणि खमंग काकडी करायची असेल तर कोचवलेल्या काकडीला आधी मीठ लावून दहा मिनिटे ठेवावे, घट्ट पिळून घ्यावे आणि मग ओले खोबरे, कूट आणि सढळ तुपाची फोडणी घालावी. ही पिळून केलेली काकडी मात्र तासभर आधी केली तरी बिघडत नाही, म्हणून मोठ्या पंगतीला तीच सोयीची. पिळून निघालेले पाणी ओतून देऊ नये. त्यात तिखट-मिठाच्या पुऱ्यांची कणीक भिजवावी, मात्र मीठ त्या अंदाजाने कमी घालावे.

मीठ हा या सगळ्याचा कळीचा भाग आहे. भाजी चिरली की तिच्या पेशी उघड्या पडतात आणि बाहेर मीठ असले की आतले पाणी त्या दिशेने ओढले जाते. काकडीत बहुतांश पाणीच असल्यामुळे हा परिणाम दहा-पंधरा मिनिटांतच दिसू लागतो, मुळ्यात त्याहून थोडा सावकाश आणि गाजरात आणखी सावकाश. दाण्याचे कूट हे पाणी काही प्रमाणात शोषून घेते, म्हणून कूट आणि मीठ दोन्ही वाढण्याच्या वेळीच घालावे. दह्याच्या कोशिंबिरीसाठी दही अर्धा तास फडक्यात टांगून ठेवले तर पुढचा त्रास वाचतो. फोडणी कोमट झाल्यावरच दह्यावर ओतावी, कडकडीत ओतली की दही फुटते. काकडीला कडू करणारा घटक देठाकडच्या भागात जास्त साठतो, म्हणून तो भाग कापून, चाखून मगच पुढची काकडी चिरायला घ्यावी. टोक कापून घासण्याचा विधी मीही भक्तिभावाने करते, पण विश्वास जिभेवर ठेवते.

कच्च्या कोशिंबिरीसाठी वर्षातला सर्वांत श्रीमंत काळ म्हणजे मार्गशीर्ष ते माघ. मंडईत त्या वेळी लाल गावरान गाजर येते, कोवळा पांढरा मुळा पाल्यासकट मिळतो, ओली हळद, आवळे, पातीचा कांदा, हिरवे टोमॅटो आणि हरभऱ्याचे घाटे येतात. केशरी गाजर आता वर्षभर मिळते आणि ते किसायला सोपे असते हे खरे, परंतु लाल गाजराचा गोडवा आणि रस त्याला नाही. लाल गाजराच्या किसात सोललेले ओले हरभरे, लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर घालून हिंगाची फोडणी दिली की संक्रांतीच्या आसपासच्या कोणत्याही पानाला ती शोभते. मुळा किसून त्यात भिजवून भरड वाटलेली हरभऱ्याची डाळ घातली की मुळ्याचा उग्रपणा निवतो आणि डाळीचा कोरडेपणाही जातो, दोघांचेही भले होते. मुळ्याचा कोवळा पाला टाकू नये, बारीक चिरून त्याच कोशिंबिरीत घालावा.

घोळाण्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायलाच हवे, कारण पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घरांत तो अजून पोहोचलेला नाही. विदर्भ, मराठवाडा आणि सोलापूर भागात थंडीत कच्च्या पालेभाजीचा घोळाणा करतात. घोळणे या क्रियापदातच त्याची सगळी कृती आली. मेथीची कोवळी पाने देठांशिवाय खुडायची, धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करायची, कारण ओल्या पानांना तेल धरत नाही, आणि मग जाडसर चिरायची. बारीक चिरली की ती कडू लागतात, कारण जितकी जास्त पाने कापली जातात तितका रस बाहेर येतो. त्यात पातीचा कांदा, दाण्याचे जाडे कूट, मीठ, लाल तिखट आणि कच्चे तेल घालून बोटांनी हलकेच घोळायचे. सासूबाईंच्या माहेरी यासाठी करडईचे किंवा जवसाचे तेल वापरत. आम्ही शेंगदाण्याचे घाणीचे तेल वापरतो आणि तेही चांगले लागते. दोन जुड्यांना चार मोठे चमचे कूट आणि तीन चमचे तेल हे आमचे प्रमाण आहे. मुंबईकरांना वाळूत वाढवलेली बारीक पानांची समुद्रमेथी मिळते, ती तर चिरण्याचीही गरज नाही. हरभऱ्याच्या कोवळ्या शेंड्यांचाही घोळाणा होतो, पण त्यांना मुळातच आंबटपणा असतो, म्हणून त्यात लिंबू घालू नये. ज्वारीची भाकरी, पिठले आणि हा घोळाणा असे पान असले की भाजीची आठवण होत नाही. मेथीच्या घोळाण्यात मी वाढताना लिंबू पिळते. त्यामागे चवीइतकेच दुसरेही कारण आहे : पालेभाजीतले लोह शरीरात शोषले जायला क जीवनसत्त्वाची मदत होते.

वांगे कच्चे खात नाहीत, तरी भरीत हे डाव्या बाजूचेच आहे असे मी मानते. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत आषाढापासून वांगे बंद असते आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू होते. ज्याने हा नेम बसवला त्याला वांग्याचा हंगाम चांगला ठाऊक असावा, कारण थंडी पडल्यावरच भरताचे वांगे खरे भरते. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते हिरवट, मोठे, कमी बियांचे वांगे खानदेशात काट्यांवर भाजून, हिरव्या मिरचीसह लाकडी बडगीत ठेचून त्याचे भरीत करतात. शहरात गॅसवर भाजताना तो धूर मिळत नाही, ते मी आता मान्य करून टाकले आहे.

चैत्रात प्रसंग आणि हंगाम यांची गाठ आपोआपच बसते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर चैत्रगौरीची हळदीकुंकवे होतात आणि त्या वेळी झाडावर कैरी असते, त्यामुळे आंब्याची डाळ आणि पन्हे यांना पर्यायच नसतो. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवावी, पूर्ण निथळावी आणि पाणी न घालता भरड वाटावी. मिक्सर एकदम फिरवत ठेवला की खाली पीठ आणि वर अख्खी डाळ अशी अवस्था होते, म्हणून तो थांबत थांबत फिरवावा. एका वाटीला अर्धी वाटी कैरीचा कीस घेऊन आधी चव पाहावी, कारण दोन झाडांच्या कैऱ्या कधीच सारख्या आंबट नसतात. गार केलेली फोडणी, ओले खोबरे, मीठ आणि किंचित साखर घातली की झाले. शेजारच्या कर्नाटकात हिची सख्खी बहीण कोसंबरी रामनवमीला पानकाबरोबर देतात. तिच्यात मुगाची डाळ भिजवून अख्खीच घालतात, जोडीला काकडी किंवा गाजर असते. भिजवून न वाटलेली मूगडाळ पचायला हलकी असल्यामुळे वयस्क मंडळी जास्त असतील तेव्हा मी हीच करते.

उन्हाळ्यात अलिबागचा पांढरा कांदा माळांमध्ये बांधून रस्त्याकडेला विकायला येतो. त्याला तिखटपणा इतका कमी की तो दह्यातही चालतो आणि नुसता लिंबू-मिठाबरोबरही. किसलेली कैरी, कांदा, गूळ, तिखट आणि मेथ्यांची फोडणी यांचा तक्कू दोन दिवस टिकतो, म्हणून सुट्टीत मुले घरी असताना बरणीत तयार असावा.

पावसाळ्यात मी कच्च्या पालेभाज्यांना हात लावत नाही. त्या चिखलाने माखून येतात आणि कितीही धुतल्या तरी मनाचे समाधान होत नाही. त्या काळात वाफवलेल्या लाल भोपळ्याचे दह्यातले भरीत, दुधीचे रायते, आणि कोकणातून कोणी आणले तर तवसे, म्हणजे तिकडची मोठी पावसाळी काकडी, यांवर निभावते. शिवाय श्रावणात बहुतेक घरांत कांदा-लसूण नसते, आणि गंमत अशी की कांदा नसला म्हणून या कोशिंबिरींचे काहीच अडत नाही.

फळांच्या कोशिंबिरींसाठी फेसलेली मोहरी हवी, आणि तिथे पुष्कळांचे चुकते. मोहरीचा नाकात चढणारा झणका तिच्या दाण्यात आयता नसतो. दाणा फुटून त्यात पाणी मिसळले की आतले घटक एकत्र येऊन तो तयार होतो. म्हणून मोहरीची पूड थंड पाण्यात फेसून दहा मिनिटे ठेवावी आणि मगच दह्यात घालावी. सुरुवातीलाच आंबट घातले तर झणका मंद राहतो, गरम पाणी घातले तर तयारच होत नाही. फोडणीतली मोहरी खमंग लागते पण चढत नाही, त्याचे कारण हेच. पिकल्या केळ्याचे रायते, थंडीतल्या पेरूची बिया काढून केलेली कोशिंबीर आणि वैशाखात रायवळ आंब्याचे रायते, या तिन्हींना मोहरी अर्धा चमचा पुरते. गोव्यात हाच विचार पुढे नेऊन मोहरी आणि नारळ वाटून आंब्याचे सासव करतात, ते गोड, आंबट आणि तिखट असे तिन्ही एकदम लागते.

इंग्लंडमध्ये राहणारी माझी मावसबहीण परसात टोमॅटो लावते. तिथे सप्टेंबर संपता संपता ऊन उतरते आणि झाडावरचे उरलेले टोमॅटो हिरवेच राहतात. शेजारणी त्यांचे काय करावे म्हणून चिंतेत असतात आणि ही मात्र ते बारीक चिरून, दाण्याचे कूट आणि मिरचीची फोडणी घालून दिवाळीच्या फराळाला बोलावलेल्यांना खाऊ घालते. हंगाम तिथला, कालवण इथले.

येत्या रविवारी पुतण्याचे केळवण आहे, माणसे १८. मंडईत लाल गाजर आले आहे, मेथी कोवळी आहे आणि पेरूंचा वास अगदी दारापर्यंत येतो. मेथी शनिवारी रात्री निवडून फडक्यात गुंडाळून ठेवीन, गाजर सकाळी किसून झाकीन, मोहरी जेवणाआधी फेसीन. मिठाची वाटी सासूबाईंनी आत्ताच मागून घेतली आहे. पाने मांडून होईपर्यंत ती त्यांच्याच हातात राहणार आहे.