साठेखत करताना : करार कुठे पक्का होतो, कुठे फसतो

४० गुंठे जिरायत जमीन घ्यायला मला पहिल्या बोलणीपासून फेरफारापर्यंत (महसुली दप्तरात माझं नाव लागेपर्यंत) सात महिने लागले. त्यातले कागद लिहिण्याचे दिवस मोजले तर जेमतेम चार. बाकीचा सगळा वेळ एकाच प्रश्नामागे गेला: उद्या कोणी फिरला तर हे साठेखत, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार, कायद्यापुढे उभं राहील का?

आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं. ‘स्टॅम्पवर लिहून घेतलंय ना, मग झालं.’ स्टॅम्प पेपर करार घडवत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १० मध्ये स्टॅम्पचा उल्लेखही नाही. तिथे विचारलंय ते एवढंच: संमती मोकळ्या मनाने दिलेली आहे का, दोन्ही बाजू करार करायला सक्षम आहेत का, मोबदला कायदेशीर आहे का, उद्देश कायदेशीर आहे का, आणि कायद्याने असा करार मुळातच रद्दबातल ठरवलेला नाही ना. लेखी आणि नोंदणीकृत असावा ही अट दुसरे कायदे घालतात. तीही पाळावी लागते, पण तो नंतरचा मुद्दा. पाया कच्चा असेल तर वर कितीही स्टॅम्प लावा.

सुरुवात बोलण्यापासून. प्रस्ताव आणि स्वीकार जुळले की संमती जुळते, आणि स्वीकार जसाच्या तसा, बिनशर्त लागतो. विकणारा म्हणाला ‘एकरी ३२ लाख’ आणि घेणारा म्हणाला ‘चालेल, पण विहिरीतला हिस्सा धरून’, तर तो होकार नाही, नवा प्रस्ताव आहे. आता होकार समोरच्याने द्यायचा. गावाकडच्या बहुतेक भांडणांचं मूळ इथेच असतं. दोघांनाही वाटत असतं की आपलंच ठरलं होतं. होकार मिळेपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो, हेही लक्षात ठेवावं. फोनवर दिलेला होकारही चालतो. तो जिथे ऐकू आला तिथे करार झाला असं सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये भगवानदास केडिया प्रकरणात धरलं आहे. व्हॉट्सॲपवर ठरलेला करारही केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून बाद होत नाही. म्हणून मी भाव ठरल्यावर त्याच संध्याकाळी सगळ्या अटी एका संदेशात लिहून पाठवल्या आणि उत्तर येईपर्यंत एक रुपयाही दिला नाही.

मग विसार. विसार पावतीत लोक फक्त रक्कम आणि सही घेतात, बाकी रिकामं. माझ्या पावतीत तारीख, दोघांची पूर्ण नावं, गट नंबर, क्षेत्र, एकूण किंमत, दिलेला विसार आणि तो कसा दिला, उरलेली रक्कम कधी द्यायची, आणि व्यवहार मोडला तर विसाराचं काय, एवढं होतं. पाच हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं महसुली तिकीट लागतं. शब्द मात्र जपून वापरावेत. विसार म्हणजे व्यवहार पाळण्याची हमी. घेणारा चुकला तर तो बुडू शकतो, पण तसं करारात स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसता आगाऊ दिलेला हप्ता तसा जप्त करता येत नाही. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या २०१२ च्या निकालात हा फरक नीट मांडला आहे. तेव्हा पावतीवर ‘विसार’ लिहिता की ‘किमतीपैकी हप्ता’, याने लाखभराचा फरक पडू शकतो. आणि रोख? स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने आगाऊ घेतली तर ती घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढाच दंड बसू शकतो. बँकेतूनच द्यावं. मोबदल्याचा पुरावाही त्यातच मिळतो.

सर्वांत जास्त वेळ गेला सक्षमतेवर, आणि तो जायलाच हवा. सातबाऱ्यावर नावापुढे ‘अ.पा.क.’ दिसलं की थांबायचं: अज्ञान पालनकर्ता. म्हणजे जमीन अज्ञान मुलाची, सही पालकाची. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने स्वतः केलेला करार सुरुवातीपासूनच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बिबी प्रकरणात सांगून टाकलं. पालकाने मुलाच्या स्वतःच्या नावची जमीन विकायची तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ८ प्रमाणे आधी न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता विकली तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत व्यवहार उधळून लावू शकतं. ‘ए.कु.मॅ.’ हे वेगळं प्रकरण. तो एकत्र कुटुंबाचा कर्ता. कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठी तो विकू शकतो आणि तिथे अज्ञानांच्या अविभक्त हिश्शासाठी ही परवानगी लागत नाही, पण गरज होती हे पुढे सिद्ध करण्याचा भार जमीन घेणाऱ्यावर येतो. म्हणून गरज काय (लग्न, कर्जफेड, दवाखाना) ते साठेखतातच लिहून घ्यावं, आणि सज्ञान भावंडांच्या सह्या संमती देणार म्हणून घ्याव्यात.

बहिणी विसरू नयेत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर नाही म्हणजे तिचा हक्क नाही, असं मुळीच नाही. मी जुने फेरफार उलटत गेलो, वारसनोंदीत कोण कोण होतं ते काढलं आणि हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का ते पाहिलं. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर केलेलं हक्कसोड इथे उपयोगाचं नाही. कुलमुखत्यारपत्रावर सही करणारा समोर असेल तर मूळ मालक जिवंत आहे ना, हे स्वतः भेटून पाहावं. मालक गेला की साधारणपणे मुखत्यारपण संपतं, आणि २०११ च्या सूरज लॅम्प निकालानंतर नुसत्या मुखत्यारपत्रावर व साठेखतावर मालकी मिळते हा समज तर पूर्णच मोडीत निघाला.

मानसिक सक्षमतेबद्दल कोणी बोलत नाही. ऐंशी वर्षांच्या आजी सही करणार असतील तर मजकूर त्यांना मराठीत वाचून दाखवला, समजला, असा मजकूर कागदाच्या शेवटी घ्यावा. पैसे त्यांच्याच खात्यात जावेत, मुलाच्या नव्हे, आणि साक्षीदार त्या घरातला नसावा. दबाव, धाक, फसवणूक, खोटी माहिती यांपैकी काही सिद्ध झालं तर करार आपोआप शून्य होत नाही, पण फसलेली बाजू तो रद्द करू शकते. अनाठायी प्रभावाचा आरोप बहुधा याच वयाच्या सह्यांवर होतो. भाव बाजारापेक्षा फार कमी असेल तर तेवढ्याने करार पडत नाही; मात्र संमती खरी होती का हे तपासताना न्यायालय तो कमी भाव विचारात घेतं.

मोबदल्याशिवाय करार शून्य. अपवाद आहेत, पण अरुंद. जवळच्या नात्यात प्रेमापोटी दिलं असेल तर लेखी आणि नोंदणीकृत हवं, दोन्ही. ‘भावाने तोंडी दिलीय’ याला काही किंमत नाही.

उद्देशाच्या बाबतीत जमिनीसारखी फसवी वस्तू नाही. घेणारा शेतकरी नसेल तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (सरकारी अटींवर मिळालेली जमीन) दिसलं तर परवानगीशिवाय विक्री नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकायला महसूल संहितेतील कलम ३६-अ प्रमाणे परवानगी लागते. आणि तुकडेबंदी. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायतीला २० आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर), बागायतीला १० आर असं ठरलं. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून आपल्या तालुक्यातलं आजचं क्षेत्र तहसीलमधून विचारून घ्यावं. ‘पाच-पाच गुंठे चौघं मिळून घेऊ, नावं नंतर वेगळी करू’ हा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. चौघांची नावं एका सातबाऱ्यावर सामाईक येतात आणि तिथेच राहतात.

करारातली वस्तू निश्चित हवी. कलम २९ म्हणतं, अर्थ निश्चित होत नसेल तर करार शून्य. ‘ओढ्याकडची जमीन’ असं लिहून भागत नाही. मी मसुद्यात गाव, तालुका, गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) वेगळा आणि चारही दिशांच्या चतुःसीमा लिहिल्या. गुंठा आणि आर एकच नाही: गुंठा १०१.१७ चौरस मीटर, आर १००. एकरात ४० गुंठे म्हणजे ४०.४७ आर. मोठ्या क्षेत्राला हा फरक जाणवतो. शासकीय मोजणीची ‘क’ प्रत साठेखताला जोडली की चतुःसीमेचा वाद बराच कमी होतो. विहिरीतला हिस्सा, वीजपंपाचं कनेक्शन, बांधावरची झाडं, वहिवाटीचा रस्ता, हे सगळं वेगळ्या ओळींत. रस्ता तर नकाशावर रंगवून.

सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. इथे करारातला क्रम महत्त्वाचा: आधी कोण काय करणार? आम्ही लिहिलं की घेणाऱ्याचा पहिला हप्ता थेट सोसायटीच्या खात्यात जाईल, विकणारा बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचा) घेऊन बोजा कमी करण्याचा फेरफार करील, आणि त्यानंतर ३० दिवसांत खरेदीखत. हा क्रम लिहिलेला नसेल तर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत बसतात आणि दोघांचंही थोडं-थोडं खरं असतं.

मुदतीबद्दल एक गैरसमज सांगतो. स्थावर मालमत्तेच्या करारात मुदत हीच मूळ अट आहे असं न्यायालय सहसा गृहीत धरत नाही. तारीख उलटली म्हणून करार आपोआप मरत नाही. तारीख खरोखर महत्त्वाची असेल तर तसं शब्दांत लिहावं, आणि वागतानाही ती पाळावी. दोनदा मुदतवाढ देऊन तिसऱ्यांदा ‘मुदत हीच अट’ म्हणता येत नाही. करार पूर्ण करून घेण्याचा दावा ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांत लावावा लागतो. तारीखच नसेल तर नकार कळल्यापासून तीन वर्षं. आणि दाव्यात घेणाऱ्याला दाखवावं लागतं की आपण पैसे द्यायला सतत तयार होतो. म्हणून खात्यात रक्कम असल्याचा उतारा आणि वेळेत पाठवलेली नोटीस जपून ठेवावी.

करार मोडल्यास दुप्पट, तिप्पट भरपाई लिहिण्याची हौस असते. १९६३ च्या फतेहचंद निकालापासून स्पष्ट आहे की लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. न्यायालय वाजवी तेवढंच देतं. तसंच ‘कोणीही कोर्टात जाणार नाही’ हे कलम शून्य. लवादाचं कलम मात्र चालतं.

आता स्टॅम्प. महाराष्ट्रात स्टॅम्प पेपर करारातल्या पक्षकारांपैकी एकाच्या नावाने घेतलेला हवा आणि खरेदीपासून सहा महिन्यांच्या आत वापरलेला हवा. दुकानात पडून राहिलेला जुना पेपर चालत नाही. साठेखतासोबत ताबा देत असाल, किंवा खरेदीखताआधी देण्याचं ठरवत असाल, तर मुद्रांक शुल्क खरेदीखताइतकंच लागतं आणि पुढे खरेदीखताच्या वेळी वळतं होतं. शुल्क मोजायचं ते व्यवहारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर. कमी पडलेल्या शुल्कावर महिन्याला दोन टक्के दंड चढतो आणि तो भरेपर्यंत न्यायालय कागद पुरावा म्हणून घेत नाही. करार शून्य होत नाही, मुका होतो.

ताब्यासह साठेखत २४ सप्टेंबर २००१ नंतर नोंदणीकृत नसेल तर ताबा राखण्याचं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ चं संरक्षण मिळत नाही. अनोंदणीकृत साठेखत दाव्यात कराराचा पुरावा म्हणून दाखवता येतं, पण तेवढ्यावर विसंबू नये. सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार. ग्रासवर (सरकारी भरण्याच्या संकेतस्थळावर) चलन भरलं, पीडीई म्हणजे दस्ताची माहिती ऑनलाइन भरून अकरा अंकी क्रमांक घेतला, आधार-पॅन आणि ओळख पटवणारे दोन जण घेऊन दुय्यम निबंधकांकडे गेलो. फोटो, अंगठे, सह्या, तासाभराचं काम. पीडीईत गट नंबर चुकला तर सूची दोनमध्ये (नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्यात) तीच चूक उतरते, आणि मग चूकदुरुस्ती लेखाचा वेगळा फेरा. म्हणून छापील प्रत दोघांनी, वेगवेगळी, मोठ्याने वाचावी.

खरेदीखतानंतर सूची दोनची प्रत घेतली, फेरफाराची नोंद पडली, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस लागली. मालकी खरेदीखतानेच आलेली असते. फेरफार ही महसुली नोंद. तरी नोंद मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून त्यातलं नाव, क्षेत्र आणि ‘इतर अधिकार’ तिन्ही पाहिले. बोजाची जुनी ओळ कंस करून काढलेली दिसली, तेव्हा फाईल कपाटात ठेवली.